लक्षद्वीपच्या डायव्हिंगसाठी कोचीमार्गे जाताना : बोट की विमान, आणि बंदरावर किती दिवस राखावेत?

भुईकोट

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी, पत्नी, मेहुणा आणि त्याची पत्नी असे चौघे स्कूबा डायव्हिंगसाठी लक्षद्वीपला जाण्याच्या विचारात आहोत. आम्हा दोघांकडे ओपन वॉटरचे, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीचे, प्रमाणपत्र आहे. ती दोघे पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणार आहेत. बेट जवळपास ठरले आहे : कडमत, आणि जमल्यास अगत्ती. प्रश्न आहे तो मधल्या टप्प्याचा.

लक्षद्वीपचा रस्ता व्यवहारात बहुतेकदा कोचीतूनच जातो. आपल्या सोलापूरहून जयंती जनता एक्स्प्रेस गाडी न बदलता एर्नाकुलमला पोहोचवते. तिथून पुढे एक तर विलिंग्डन बेटावरून सुटणारी प्रवासी बोट, नाही तर नेदुंबसेरी विमानतळावरून अगत्तीला जाणारे छोटे विमान. प्रवासाच्या लेखांत कोचीचा विषय एका रात्रीच्या मुक्कामावर उरकलेला दिसतो. मला मात्र वाटते की डायव्हिंगच्या सहलीत बंदराच्या शहराचे नियोजन चुकले तर बेटावरचे सगळेच दिवस बिघडतात, कारण लक्षद्वीपचा प्रवेश परवाना, हवामान, बोटीचे बदलते वेळापत्रक आणि शेवटच्या डायव्हनंतरचे तास या सगळ्यांचा हिशेब तिथेच जुळवावा लागतो.

जाताना आणि येताना बोट बरी की विमान? कोचीत आधी आणि नंतर किती दिवस हाताशी ठेवावेत? की सोलापूरकरांनी सरळ चेन्नई गाठून अंदमानला जावे? ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

होटगीरोड

आता सोलापूरहून गोव्याला थेट विमान आहे. २०२५ च्या जूनपासून ते सुरू झाले. तिथल्या ग्रँड आयलंड बेटाजवळ डायव्हिंग होते, परवाना लागत नाही आणि तीन दिवसांत घरी परत येता येते. एवढा लांबचा वळसा कशासाठी घ्यायचा?

मालवणची लेक

होटगीरोड यांच्या सूचनेत तथ्य आहे, पण ते भुईकोट यांच्यापेक्षा त्यांच्या मेहुण्यांसाठी अधिक आहे. मी लग्न होऊन सोलापूरला आले, माहेर मालवणचे. आमच्या किनाऱ्याला नद्या आणि खाड्या मिळतात, त्यांच्याबरोबर गाळ येतो, आणि त्यामुळे पाणी कितीही चांगले असले तरी नजर फार लांब पोहोचत नाही. गोव्याचेही तसेच. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत, तिथे एकही नदी नाही, त्यामुळे पाण्याची पारदर्शकता ही मुळातच वेगळी गोष्ट आहे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांनी तिथे जावे, हे मी मालवणची असूनही मनापासून सांगते.

मात्र ज्यांनी आजवर तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा घेण्याचे साधन) धरलेला नाही, त्यांनी पहिला अनुभव कडमतला घेऊ नये. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे तलावात सराव करून घेतात. कानावरचा दाब मोकळा करता येतो की नाही, मास्कमध्ये पाणी शिरल्यावर जीव घाबरा होतो की नाही, हे तिथेच कळते. एवढा प्रवास करून, परवाना काढून, बोटीत रात्र काढून कडमतला पोहोचायचे आणि पहिल्याच दिवशी कान दुखतो म्हणून किनाऱ्यावर बसायचे, असे होऊ नये.

मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेटही विचारात घ्यावे. कोकण रेल्वेचे स्थानक गावातच आहे, बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे, सकाळी जाऊन दुपारी परत येता येते, आणि पाणी आमच्यापेक्षा स्वच्छ असते.

नांगर

मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सोलापुरात स्थायिक झालो. लक्षद्वीपला प्रवासी म्हणून गेलो आहे, त्यामुळे बोटीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

कोचीहून बेटांची अंतरे साधारण २८० ते ४८० किलोमीटरच्या दरम्यान आहेत. कल्पेनी २८७, कडमत ४०७, अगत्ती ४५९. बेटानुसार आणि मार्गानुसार बोटीला १४ ते १८ तास लागतात, आणि वाटेत दुसरे बेट घेतले तर अधिक. म्हणून "कोची ते कडमत किती वेळ" असा प्रश्न विचारू नये. "त्या तारखेची बोट कोणत्या क्रमाने बेटे घेणार आहे" असे विचारावे. एम. व्ही. कवरत्ती ही २००८ सालची, सुमारे ७०० प्रवाशांची मोठी बोट आहे. कोरल्स, लगून्स, अरेबियन सी, लक्षद्वीप सी या आकाराने लहान आहेत, आणि लहान बोट लाटेवर अधिक हलते. डायव्हिंगला जाणाऱ्याने बंक क्लासचे पैसे वाचवण्याऐवजी केबिनमधील बर्थ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रात्रभर न झोपलेल्या माणसाला सकाळी पाण्याखाली पाठवणे योग्य नाही.

आता उतरण्याबद्दल. या बेटांची रचना अशी आहे की जमिनीचा अरुंद पट्टा बहुधा प्रवाळकड्याच्या पूर्वेकडच्या बाजूला असतो आणि उथळ खाजण (लगून) पश्चिमेला. मोठी बोट खाजणात शिरू शकत नाही. कित्येकदा ती बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवले जाते. जहाजाच्या बाजूचा दरवाजा उघडतात, खाली छोटी बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, दारातला खलाशी तुमचा दंड धरून उभा राहतो, खाली दुसरा हात पुढे करून असतो, आणि बोट लाटेच्या माथ्यावर आली की तो "आता" म्हणतो. त्या क्षणी पाऊल टाकायचे. स्वतःच्या अंदाजाने नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे सामान पाठीवरच्या पिशवीत हवे. चाकांच्या बॅगा घेऊन आलेली मंडळी तिथे अडून बसतात आणि मागची रांग खोळंबते.

हवामानाविषयी एकच सांगतो. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हा विचारच करू नये. पण "पावसाळा संपला म्हणजे समुद्र शांत" हेही खरे नाही. ओखी चक्रीवादळ २०१७ च्या डिसेंबरमध्ये लक्षद्वीपवरून गेले, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. फेब्रुवारी हा निवडलेला महिना उत्तम आहे. तरीही परतीची रेल्वे बोट पोहोचण्याच्या दिवशीची काढू नये.

चेन्नईमेल

भुईकोट यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. सोलापूर मुंबई-चेन्नई मार्गावर असल्यामुळे चेन्नई आपल्याला कोचीपेक्षा जवळ आहे आणि गाड्याही अधिक आहेत. तिथून अंदमानला विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात, भारतीयांना नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, डायव्हिंग केंद्रांची इतकी रेलचेल आहे की प्रशिक्षक निवडायला वाव मिळतो. लक्षद्वीपमध्ये तो वाव फारच कमी.

बोटीने मात्र जाऊ नये. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर साडेतेराशे किलोमीटरहून अधिक आहे आणि बोटीला साधारण तीन दिवस लागतात.

नांगर

चेन्नईमेल यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. एक भर घालतो : पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, पोहोचल्यावरही डायव्हिंग सुरू होत नाही; तिथून पुन्हा स्वराज द्वीपची बोट धरावी लागते. म्हणजे एकामागे एक दोन दारे आहेत, आणि दोन्हीकडे वेळ राखावा लागतो. हा हिशेब मांडला की कोची आणि चेन्नई यांतील फरक वरवर दिसतो तेवढा राहत नाही.

नोकरदार

मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो. खासगी नोकरीत सलग सुट्टी किती मिळते? कोचीत आधी दोन दिवस, बोटीत एक रात्र, येताना बोटीत एक रात्र, नंतर पुन्हा एक दिवस, आणि वर दोन्हीकडचा रेल्वेचा प्रवास. त्यापेक्षा पुण्याहून विमानाने कोची, तिथूनच पुढे अगत्ती, आणि परतही तसेच. पैसे जातील, पण दिवस वाचतील. विमानतळ नेदुंबसेरीला आहे, त्यामुळे कोची शहरात शिरण्याचीही गरज नाही.

कानमंत्र

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि स्वतः डायव्हिंग करतो. नोकरदार यांचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, परंतु त्यात एक घटक राहिला आहे आणि तोच या धाग्याचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाण्याखाली दाब वाढतो तसा श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक विरघळतो. वर आल्यानंतर तो हळूहळू फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो, आणि या क्रियेला कित्येक तास लागतात. त्याआधीच तुम्ही विमानात बसलात, तर केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी असल्याने उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. सांधे दुखण्यापासून मज्जारज्जूला इजा होण्यापर्यंत त्याचे परिणाम होतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी की डीकॉम्प्रेशन (वर येताना मध्येच थांबे घेणे) न लागणारा एकच डायव्ह केला असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, एकाहून अधिक डायव्ह किंवा सलग अनेक दिवसांचे डायव्हिंग झाले असेल तर किमान १८ तास थांबावे, आणि डीकॉम्प्रेशनचे डायव्ह असतील तर त्याहून बरेच अधिक. कित्येक केंद्रे सरसकट २४ तास सांगतात आणि मला ते योग्य वाटते.

आता अगत्तीचे विमान दिवसा असते. म्हणजे आदल्या दिवशी सकाळनंतर डायव्ह नाही. विमानाने वाचवलेला दिवस तुम्ही बेटावर कोरडे बसून परत करता. बोटीचे तसे नाही. बोट समुद्रसपाटीवरच चालते. सकाळी डायव्ह करून संध्याकाळी बोटीत बसलात, तरी कोचीला उतरेपर्यंत १४-१८ तास आपोआप निघून गेलेले असतात. म्हणून माझे उत्तर सरळ आहे : जाताना हवे तर विमानाने जा, येताना मात्र बोटीने या.

दुसरा मुद्दा फारसा कोणी बोलत नाही. उंचीचा नियम फक्त विमानाला नाही. सहाशे मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही तीच काळजी घ्यावी लागते. पुष्कळ मंडळी कोचीला उतरल्या उतरल्या मुन्नारची गाडी धरतात. मुन्नार सुमारे १,५०० मीटरवर आहे. केबिनमधील दाबाच्या दृष्टीने तो जवळजवळ विमानप्रवासच झाला. तसेच मालवणहून दुपारी डायव्ह आटोपून संध्याकाळी गाडीने घाट चढून सोलापूरला निघणाऱ्यांनीही विचार करावा, कारण आंबोली आणि गगनबावडा हे दोन्ही सातशे मीटरच्या आसपास आहेत. डायव्ह सकाळी उरकून, त्या रात्री मालवणातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघणे बरे.

सोलापूरला रेल्वेने येणाऱ्यांना ही चिंता नाही. गाडी पालघाटच्या खिंडीतून येते, तिथे सह्याद्री जणू मोडून पडला आहे आणि लोहमार्गाला उंच घाट चढावा लागत नाही. आपले सोलापूर स्वतः साडेचारशे मीटरच्या आसपास आहे.

नोकरदार

कानमंत्र, हा मुद्दा खरोखर लक्षात आला नव्हता. तरी जाताना विमान आणि येताना बोट अशी मिश्र तिकिटे काढता येतात का? आणि परवान्यावर तसे चालते का?

सुईदोरा

चालते. आम्ही कुटुंबासह तसेच गेलो होतो. मात्र परवान्यात ज्या बेटांचा उल्लेख असेल त्याच बेटांवर जाता येते, म्हणून विमान अगत्तीला आणि मुक्काम कडमतला असेल तर अर्जात दोन्ही नावे हवीत. अगत्तीहून कडमतला जाणारी बोट रोज असतेच असे नाही. तिची खातरजमा केल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. विमान छोटे एटीआर असते, धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची आहे, आणि सामानाची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. स्वतःचे फिन्स, बीसीडी (पाण्यात तरंगण्याचा तोल राखणारे जॅकेट) वगैरे नेणाऱ्यांनी आधी वजन करावे. मास्क तेवढा स्वतःचा न्यावा, कारण चेहऱ्याला न बसणारा मास्क सगळा आनंद घालवतो.

आमच्या वेळी बोट एक दिवस उशिरा सुटली. ज्यांच्यामार्फत नोंदणी केली होती त्यांनी आदल्या रात्री एक संदेश पाठवला आणि फोन बंद ठेवला. आम्ही आधीच एक दिवस राखलेला असल्याने निभावले. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याची मात्र बेटावरील राहण्याची नोंदणी एका दिवसाने कापली गेली आणि पैसेही परत मिळाले नाहीत. तेव्हा भुईकोट, जाण्याआधी कोचीत किमान एक पूर्ण दिवस ठेवाच. माझ्या दृष्टीने तो सहलीचाच दिवस आहे. मटणचेरीचा राजवाडा, १५६८ सालचे परदेशी सिनेगॉग (शुक्रवारी आणि शनिवारी बंद असते), फोर्ट कोचीची चिनी जाळी. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेलात की दिवस सहज जातो.

मुक्काम एर्नाकुलमच्या बाजूला करावा. फोर्ट कोची सुंदर आहे, पण बोटीच्या दिवशी सामान घेऊन विलिंग्डन बेटावर जायचे असते आणि स्थानकाच्या बाजूने पुलावरून रिक्षा सरळ जाते. नकाशावर त्याच बेटावर "कोचीन हार्बर टर्मिनस" हे रेल्वे स्थानक दिसेल. तिथे आता नियमित प्रवासी गाडी येत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. जयंती जनता एर्नाकुलम टाऊन, म्हणजे उत्तरेकडच्या स्थानकावर थांबते.

आणखी एक, थोडे घरगुती. बोटीच्या उपाहारगृहात भात आणि मासे मिळतात, आणि ते चांगले असतात. परंतु ज्याला समुद्र लागतो त्याला रात्री काहीच जात नाही. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. पोटात काहीतरी कोरडे असले की मळमळ कमी होते, हे तिथे सर्वांनीच अनुभवले, आणि शेजारच्या केबिनमधील केरळी कुटुंबाने चटणीचा डबा पुसून दिला.

कानमंत्र

सुईदोरा ताईंनी समुद्र लागण्याचा विषय काढला ते बरे झाले. उलटीची गोळी बोट सुटण्यापूर्वी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून डायव्हच्या सकाळी ती घेऊ नये. घ्यावीच लागणार असेल तर कोणती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रात्री उलट्या झाल्या असतील तर शरीरातील पाणी कमी होते, आणि ती स्थिती वर सांगितलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या दृष्टीनेही चांगली नाही. म्हणून बोटीने बेटावर पोहोचल्याच्या दिवशी डायव्ह ठेवू नये. खाजणात पोहावे, भरपूर पाणी प्यावे, झोपावे.

आणि सर्दी असेल तर खाली जाऊ नये. नाक मोकळे करणारे औषध घेऊन गेल्यास खाली असतानाच त्याचा अंमल उतरू शकतो, आणि मग वर येताना कानात व सायनसमध्ये हवा कोंडते. असे कान मी दवाखान्यात पाहिले आहेत.

जुळे सोलापूर

परवान्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो असे ऐकले. तो नेमका कुठे मिळतो?

सुईदोरा

लागतो. लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या व्यक्तीच्या प्रवेशावर १९६७ पासून नियमांनी बंधन आहे आणि ते भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पोलीस पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. शहराच्या हद्दीत राहत असाल तर तो पोलीस आयुक्तालयाकडे जातो; हद्दीबाहेर, म्हणजे मोहोळ, बार्शी, अक्कलकोट वगैरे तालुक्यांत राहणाऱ्यांचा ग्रामीण पोलिसांकडे. चौघांचे पत्ते वेगवेगळे असतील तर चौघांचे दाखले एकाच दिवशी येतील अशी अपेक्षा ठेवू नये. महिनाभर आधी सुरुवात करावी. छापील प्रती सोबत ठेवाव्यात, कारण धक्क्यावर आणि बेटावर दोन्हीकडे त्या पाहतात.

प्रवाळप्रेमी

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, सोलापूरचीच. चर्चेत प्रवासाचे सगळे आले, पण आपण जे पाहायला जाणार आहोत त्याची अवस्था काय आहे हेही बोलायला हवे.

लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने विरंजनाचे मोठे आघात झाले, आणि २०२४ मध्येही पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. पाणी नेहमीपेक्षा अधिक काळ गरम राहिले की प्रवाळ आपल्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात. रंगही त्यांचाच आणि अन्नही त्यांचेच, त्यामुळे प्रवाळ उपाशी पडतात. दोन आघातांमध्ये पुरेशी वर्षे मिळाली तर ते सावरतात, पण तेवढी फुरसत आता मिळेनाशी झाली आहे. म्हणून जुनी छायाचित्रे पाहून अपेक्षा ठेवू नये. मासे अजूनही विपुल आहेत, आणि अगत्तीच्या खाजणात हिरवी समुद्री कासवे सहज दिसतात.

जाऊ नका असे मी म्हणणार नाही. पण मालवणची लेक यांनी म्हटल्याप्रमाणे नवशिक्यांनी आधी दुसरीकडे सराव करावा, हे प्रवाळांच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचे आहे. तरंगण्याचा तोल ज्याला साधलेला नाही तो फिन्सने प्रवाळ मोडतो किंवा आधारासाठी हाताने धरतो. हाताएवढी फांदी वाढायला कित्येक वर्षे लागतात. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही आणू नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि बंदरावर सामान तपासले जाते.

होटगीरोड

प्रवाळप्रेमी आणि मालवणची लेक, दोघींचे पटले. गोव्याला सरावासाठी जावे, अशी माझी सुधारित सूचना समजावी.

मालवणची लेक

सरावासाठी गोवा कशाला, तारकर्ली आहे ना! येण्याआधी कळवा, माहेरी जेवणाची सोय करते.

अक्कलकोटरस्ता

नांगर काकांना एक विचारायचे होते. माझे वडील साठीच्या पुढचे आहेत, विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेले, आणि आजही उत्तम पोहतात. त्यांना डायव्हिंग करायचे नाही, पण बोटीचा प्रवास आणि बेट पाहायचे आहे. छोट्या बोटीत उतरणे त्यांना जमेल का?

नांगर

गुडघे ठीक असतील आणि खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल टाकण्याची तयारी असेल तर जमेल. माझ्याबरोबर त्यांच्याहून वयस्कर बेटवासी सहज चढत-उतरत होते; त्यांच्यासाठी ती रोजची एसटी आहे. वडिलांसाठी फेब्रुवारी-मार्च निवडा, केबिन घ्या, आणि समुद्रावर त्या दिवशी लाट मोठी असेल तर उतरण्याचा हट्ट धरू नका. बोटीवरच राहून बेटे पाहण्याचे समुद्रम नावाचे पाच दिवसांचे पॅकेजही आहे. त्यात दिवसा बेटावर नेतात आणि रात्री बोटीत मुक्काम असतो. डायव्हिंग करणाऱ्यांच्या ते उपयोगाचे नाही, तुमच्या वडिलांसाठी चांगले आहे.

नोकरदार

एका गोष्टीवर अजून कोणी बोलले नाही. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. बोटीची तारीख तोवर नक्की झालेली असते का?

सुईदोरा

आमच्या वेळी झालेली नव्हती, आणि हीच खरी अडचण आहे. आम्ही जाण्याचे आरक्षण लगेच केले. परतीसाठी बोट येण्याच्या अपेक्षित दिवसानंतर एक दिवस सोडून तिकीट काढले, आणि बोटीचे पक्के झाल्यावर गरज पडती तर ते रद्द करणार होतो. जयंती जनतेत जागा मिळाली नाही तर एर्नाकुलमहून चेन्नईला जाऊन तिथून सोलापूरची गाडी धरता येते. वळसा पडतो, पण अडकून पडत नाही.

भुईकोट

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या नेमक्या माहितीची मी अपेक्षा केली नव्हती. विचारलेल्या प्रश्नांवर माझा निर्णय असा झाला आहे.

अंदमान पुढच्या वर्षावर ठेवतो. चेन्नईमेल यांचे म्हणणे नाकारत नाही, पण आमचे मन लक्षद्वीपवर बसले आहे. जाता-येता दोन्ही वेळा बोटच घेऊ. जातानाही विमान नको, कारण अगत्ती ते कडमत या जोडबोटीची अनिश्चितता पत्करण्यापेक्षा कोचीहून थेट कडमत बरे. कोचीत बेटावर जाण्याआधी दोन रात्री आणि परत आल्यावर एक रात्र, एर्नाकुलमच्या बाजूला. पोहोचल्याच्या दिवशी डायव्ह नाही. शेवटचा डायव्ह बोटीच्या दिवशी सकाळी, तोही उथळ आणि वेळापत्रकाने परवानगी दिली तरच. मेहुणा मुन्नारला जायचे म्हणत होता. त्याला कानमंत्र यांचा प्रतिसाद वाचायला दिला आणि मुन्नार रद्द झाले.

मेहुणा आणि त्याची पत्नी डिसेंबरमध्ये तारकर्लीला जाऊन येतील. तोल साधला तरच त्यांनी प्रवाळकड्यावर उतरायचे, नाही तर खाजणात स्नॉर्कल करायचे, असे चौघांनी मिळून ठरवले आहे.

एक शंका उरली आहे. कानमंत्र, माझ्या पत्नीला लहानपणी दमा होता. गेली अनेक वर्षे त्रास नाही, औषधही नाही. प्रमाणपत्राच्या वेळी तिने फॉर्मवर ते लिहिले होते आणि तेव्हा डॉक्टरांची सही घेतली होती. पुन्हा तपासणी करावी का?

कानमंत्र

अवश्य करावी, आणि निघण्यापूर्वी सोलापुरातच करावी. डायव्हिंग केंद्राच्या आरोग्याच्या प्रश्नावलीत एका जरी लागू पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर "होय" आले तर केंद्र डॉक्टरांचे पत्र मागते, आणि बेटावर ते मिळणे कठीण. छातीच्या डॉक्टरांकडून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी करून घ्या, शक्यतो व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर अशी दोनदा. दम्यात हवा फुफ्फुसाच्या एखाद्या भागात अडकून राहू शकते आणि वर येताना ती प्रसरण पावते. धोका तिथे असतो. चाचणी नीट आली तर पत्रावर "डायव्हिंगसाठी योग्य" असे स्पष्ट लिहून घ्या. नुसते "प्रकृती उत्तम" एवढे लिहिलेले पत्र केंद्रावर परत केले गेल्याचे मी पाहिले आहे. मूळ प्रत परवान्याच्या कागदांबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा.